कुणाचाच नसलेला चेंडू

तिला सगळे बत्तीशी म्हणत. फुटबॉलला बत्तीस पाकळ्या असतात आणि त्या सगळ्या तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय कारखान्यातून चेंडू बाहेर पडत नसे, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण तिच्यासमोर कुणी काढत नसे. तिच्या तोंडी लागू नकोस, एवढं मात्र नव्या बाईच्या कानात पहिल्याच दिवशी घातलं जाई.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. एका टोकाला पाकळ्या कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला पाण्याचं सिमेंटचं टाकं, आणि मधे खिडक्यांना लागून नऊ बुटकी स्टुलं. स्टुलावर बसायचं, गुडघ्यांत लाकडी चिमटा धरायचा, चिमट्यात दोन पाकळ्यांच्या कडा. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. एक सुई इकडून, एक तिकडून, आणि मग दोन्ही हात पंखांसारखे बाजूला ओढायचे. नऊ बायका एकदम हात पसरत तेव्हा दारातून बघणाऱ्याला वाटे, आता या उडणार. उडत कुणीच नसे. टाका तेवढा घट्ट बसे.

ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला तुटलेलं बटण लावण्यापलीकडे शिवण येत नव्हती. सासऱ्यांनी शिकवलं. चेंडू उलटा शिवायचा, शेवटची पाकळी उरली की सुलटा करायचा, आणि मग उरलेले टाके न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने घालून गाठ आत ढकलायची. "गाठ दिसली की चेंडू नागडा," सासरे म्हणत. पहिला महिनाभर तिने नागडेच चेंडू शिवले. सासरे ते उसवून तिच्या मांडीवर ठेवत आणि काही बोलत नसत. तिला ते न बोलणंच जास्त लागे.

सासरे थकले तेव्हा तपासनिसाचा शिक्का त्यांनी दोन्ही मुलांना वगळून सुनेच्या हातात दिला. रबराचा एवढासा शिक्का, त्यावर नुसता आकडा, सतरा. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात सासरे गेले, नऊ वर्षांपूर्वी नवराही गेला आणि कारखाना धाकट्या दिराकडे आला. ती घरात आली तेव्हा हा दीर सहावीत होता, त्यामुळे त्याला ती 'अरे'च म्हणे. 'भाऊजी' फक्त संतापली की.

तिची तपासणी पाण्यात चाले. चेंडू टाक्यात सोडायचा आणि बोटांनी गिरकी द्यायची. एका अंगाला जड असलेला चेंडू डुलत डुलत तीच बाजू खाली घालून थांबतो. खऱ्या चेंडूला खाली-वर नसतं, तो कुठेही थांबतो. हवा भरायचा व्हॉल्व्ह मुळात जडच असतो, म्हणून शिवताना त्याच्या बरोबर समोरच्या पाकळीला आतून एक वजनाची टिकली लावतात. शिवणाऱ्या बायकांना हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे, आणि कधी स्टुलावर न बसलेल्या दिराला ते ठाऊकही नव्हतं.

एका सकाळी दीर एका इंजिनिअरला घेऊन आला. तरुण, हसरा, हातात काचेच्या भांड्यासारखा जपून धरलेला चेंडू. शिवून घेतलेला इथेच, रांगेतल्या चष्मेवालीकडून, फक्त व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या षटकोनी पाकळीच्या जागी त्याने दिलेली मऊ, वाकणारी स्क्रीन बसवलेली.

"मावशी, बघा हं," म्हणत त्याने चेंडू जमिनीवर आपटला. षटकोनात एका साबणाचं नाव उजळलं. पुन्हा आपटला. आता विमा कंपनी.

"पडला की नाव बदलतं?"

"लाथ बसली तरी. एका सामन्यात हजार-दीड हजार लाथा, मावशी. प्रत्येक लाथेला एक जाहिरात."

"म्हणजे पैसे मोजून लाथा खायच्या," ती म्हणाली. "माणूस शिकला की त्याला काय काय सुचतं."

रांगेतल्या बायका दोऱ्यात तोंड लपवून हसल्या. इंजिनिअरही हसला. दीर हसला नाही. गोंदाने चिकटवलेले यंत्राचे चेंडू बाजारात आल्यापासून नऊपैकी चार स्टुलं रिकामी होती. या स्क्रीनला गोंदाच्या भट्टीची उष्णता सोसत नव्हती, ती हातानेच शिवावी लागणार होती. आणि गिऱ्हाइकाची अट अशी की प्रत्येक चेंडूवर तपासनिसाचा शिक्का हवा.

तिने चेंडू हातात घेतला. अंगठ्याने स्क्रीनची कड दाबली आणि तिला आत ओळखीचा उंचवटा लागला. टिकली. चष्मेवालीने सवयीने स्क्रीनच्या मागेही टिकली लावली होती, म्हणजे एकाच जागी दोन वजनं. ती काही बोलली नाही. चेंडू टाक्यात सोडला, गिरकी दिली. स्क्रीन पाण्याखाली तोंड घालून थांबली आणि तळाशी पुन्हा साबणाचा उजेड पसरला.

"एका अंगाला जड," ती म्हणाली. "शिक्का नाही."

"वजन थोडं कमी करता येईल, मावशी."

"करा की. टाक्यात सरळ राहिला तर मी स्वतः शिक्का मारीन. शब्द आहे माझा."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. तिच्या शब्दावर त्या खोलीत कुणी कधी दुसरा शब्द लावला नव्हता. इतकी वर्षं जपलेली ही पत तिने आज एका अर्धसत्याच्या पाठीशी उभी केली होती.

इंजिनिअर पाच आठवडे आला नाही. मग आला तो आणखी हसरा. घरी गेल्यावर त्याने तो चेंडू मधोमध कापला होता, टिकली सापडली, ती त्याने दिराला दाखवली, दिराने आपल्या बायकोला विचारलं. धाकटी जाऊ रांगेतच शिवायची. तिने सरळ सांगून टाकलं की ही काढली की झालं, तेवढंच वजन स्क्रीनचं असेल तर सगळं जमेल.

नवा चेंडू टाक्यात उतरला. बायकांनी सुया थांबवल्या. बत्तीशीने गिरकी दिली, चेंडू फिरला आणि थांबला. पुन्हा गिरकी. यावेळी भलतीच बाजू वर. दहा वेळा फिरवला, दहा वेळा वेगळ्या जागी. तिच्या आयुष्यातल्या चांगल्या चेंडूंपैकी तो एक होता, आणि हे तिच्याइतकं तिथे दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

दिराने शिक्का आणि शाईचं पॅड कठड्यावर ठेवलं. "घ्या वहिनी."

तिने पदराला हात पुसले. शिक्क्याला हात लावला नाही.

"चेंडू खरा आहे," ती म्हणाली. "खोटी मी होते. टिकली मला त्या दिवशीच लागली होती."

धाकटीने मान खाली घातली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

"माहीत होतं? मग पाच आठवडे आम्ही काय डोकं फोडत होतो?" दिराचा आवाज चढला.

"वजनाचं सांगितलं, कारण वजनाचं सांगितलं की कुणी वाद घालत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर तू हसला असतास."

"नाही हसणार. सांगा."

"हा चेंडू माझ्या हातून जाणार नाही. बावीस जण जिवाच्या आकांताने त्याच्यामागे धावतात, का? तो कुणाचाच नसतो म्हणून. ज्याच्या पायाशी, त्याचा, तेही तेवढ्यापुरता. आम्ही जन्मभर शिवतो, आमचंसुद्धा नाव नसतं त्यावर. आकडा असतो, तो चार सामन्यांत पुसून जातो, जावाच. आणि हे साबणवाले कोण लागून गेले?"

"मावशी," इंजिनिअर सावकाश म्हणाला, "खेळाडूंच्या कपड्यांवर नावं असतात. मैदानाच्या कडेला असतात."

"असतात ना. कडेला राहू देत."

"मला खरंच फरक कळत नाही."

"नाही कळणार. तुझं काम चोख आहे, बाबा, त्यात खोट नाही. मला नको आहे, एवढंच."

दीर हसला नाही, शब्द पाळला त्याने. त्याने रिकाम्या स्टुलांकडे बोट केलं. "ती चार स्टुलं दिसतात ना? त्या चौघी रोज मला रस्त्यात विचारतात. त्यांना काय सांगू, वहिनींना साबण आवडत नाही?"

हे मात्र तिला आत कुठेतरी लागलं. त्या चौघींना शिवायला तिनेच शिकवलं होतं.

"त्यांना बोलवा, भाऊजी," ती म्हणाली. "मी कुणाला अडवलंय? कारखाना तुमचा, ऑर्डर तुमची. मी माझ्या दोन हातांपुरतं बोलतेय."

"शब्द दिला होता तुम्ही. सगळ्यांसमोर."

"दिला होता. सगळ्यांसमोर मोडते." तिने शिक्का उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "आणि शब्द मोडणाऱ्या बाईकडे शिक्का नसावा. धाकटीला दे. तिने टिकलीचं खरं सांगितलं, मी लपवलं. हिशेब सरळ आहे."

चष्मेवालीने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला मेलीला उगाच टिकली लावायची सवय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

पुढच्या आठवड्यात चारही स्टुलं भरली. त्यातल्या दोघी तिच्याशी बोलल्या, दोघी बोलल्या नाहीत. बत्तीशी आता कापायच्या यंत्राजवळच्या टोकाला बसू लागली, जिथे खडखडाटामुळे कुणी बसायला मागत नसे. सकाळी पाकळ्यांचे गठ्ठे वाटले जात. स्क्रीनचा गठ्ठा तिच्यापुढे आला की ती तो शेजारणीकडे सरकवी आणि साध्या पाकळ्यांसाठी हात पुढे धरी. कधी मिळायला उशीर होई. ती तोवर दोऱ्याला मेण लावत बसे.

सव्वीस वर्षांनी तिचा चेंडू दुसऱ्या कुणाच्या तपासणीला जाणार होता. तिने तो नेऊन कठड्यावर ठेवला. धाकटीने त्याकडे पाहिलं न पाहिलं आणि शिक्का उचलला.

"पाण्यात घातलास?"

"ताई, तुमचा चेंडू काय पाण्यात घालायचा..."

"माझा म्हणून सोडतेस? मग माझ्यात आणि त्या साबणात फरक काय राहिला? घाल."

धाकटीने चेंडू टाक्यात सोडला आणि गिरकी दिली. चेंडू थांबला. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा. मग ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"बोल ना."

"झुकतोय, ताई. थोडासा. व्हॉल्व्हकडे."

बत्तीशी वाकली. पापणी न हलवता तिने तीन गिरक्या पाहिल्या. झुकत होता. यंत्राच्या खडखडाटात, नव्या जागी, टिकली बोटभर बाजूला बसली होती.

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? परत दे."

ती स्टुलावर येऊन बसली, चेंडू पदराने कोरडा केला आणि शेवटी न बघता घातलेल्या आंधळ्या टाक्यांपासून उसवायला लागली. दीर दारातून आत आला. त्याने एकदा पाण्याच्या टाक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि जवळ येऊन जरा खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, साध्या चेंडूंची ऑर्डर या महिन्यात संपतेय. पुढे काय शिवणार?"

"संपली की बघू," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "हा अजून व्हायचाय. उजेडातून बाजूला हो."