दोन छेद पाच

मुख्याध्यापिकांनी फॉर्म प्रणालीच्या वडिलांपुढे सरकवला आणि मला म्हणाल्या, “गणिताच्या शिक्षिका तुम्ही. तुम्हीच समजावा यांना.”

फॉर्म सतरा नंबरचा. म्हणजे मुलीने नववीतच शाळा सोडायची आणि दहावीला बाहेरून बसायचं. नापास झाली तरी शाळेचा रिझल्ट शाबूत राहतो. आमच्याकडे दर जानेवारीत अशी यादी निघते. यंदा अकरा नावं होती, सगळी माझ्या विषयाची.

प्रणालीचे वडील कळमन्याच्या बाजारात धान्याच्या काट्यावर कामाला आहेत. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. “पोरीले गणित येत नाही, हे आज सांगून राहिले तुम्ही. मंग आतापर्यंत पास काहून केलं?”

“आठवीपर्यंत नापास करता येत नव्हतं,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“नापास नोका करू. पण सांगता तर येत होतं ना जी?”

मी आठ दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी प्रणालीला फळ्याजवळ बोलावलं. समीकरण सोपं होतं, पण तिची गाडी अपूर्णांकांवर अडली. म्हणून नुसतं एवढंच दिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. तिने वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले आणि लिहिलं, दोन छेद पाच.

“अर्धी पोळी खाल्लीस. वर आणखी एक तुकडा खाल्लास. पोटात अर्ध्याहून कमी गेली?”

“नाही.”

“मग दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून कमीच की.”

ती शांतपणे म्हणाली, “घरी नाही होत, मॅडम. गणितात होते.”

इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलांना गणित का येत नाही याचं इतकं स्वच्छ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. चिडचिड मात्र झाली. पाचवीतली गोष्ट नववीत मी शिकवायची? कोणाचं हे काम?

उरलेल्या दहा जणांना तेच उदाहरण घातलं. दहाही वह्यांत दोन छेद पाच. त्यांतले सात जण आणि प्रणाली पाचवीत एकाच तुकडीत होते, ‘ब’मध्ये. म्हणजे पाचवी ‘ब’ला अपूर्णांक कोणी शिकवलेच नव्हते. ते कोण, हे मला बघायचंच होतं.

आमच्या क्लार्कबाबूंनी जुनी लॉगबुकं फेकलेली नाहीत. कोणत्या तासाला काय शिकवलं, ते शिक्षक त्यात रोज लिहितात. पाचवी ‘ब’, गणित. अपूर्णांकांची बेरीज: पूर्ण. खाली सही.

सही माझी होती.

त्या महिन्यात आमचे हे आयसीयूत होते. मी रजेवर होते. माझे तास गॅदरिंगच्या तालमीला गेले, हे मला बाबूंनी आता सांगितलं. तेरावं करून शाळेत आले त्याच आठवड्यात तपासणी होती. बाबूंनी भरलेलं लॉगबुक पुढे ठेवलं, मी पानं उलटत सह्या केल्या. काय वाचलं, आठवत नाही. पुढच्या वर्षी ती तुकडी दुसऱ्यांकडे गेली, आणि त्या वर्षी मी कोणत्या तुकड्यांवर होते हेही लक्षात राहिलं नाही.

लॉगबुक मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उघडून ठेवलं. त्यांनी सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुमच्यावर तेव्हा काय वेळ होती, सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मुलांना ठाऊक नव्हतं. फॉर्म परत घ्या, दुसऱ्या तुकडीतल्या तिघांचेही. चूक माझी आहे, यादी त्यांची कशी?”

“आणि पोर्शन?”

“राहील.”

फॉर्म परत गेले. रोज शाळेआधी एक तास मी आणि ते अकरा जण कागदाच्या पोळ्या कापत बसलो. नववीचे शेवटचे दोन धडे झाले नाहीत. लॉगबुकात मी प्रथमच ‘अपूर्ण’ लिहिलं आणि मला मेमो मिळाला. वार्षिक परीक्षेत नऊ जण पास झाले. प्रणाली काठावर, पण झाली. दोघं राहिले, त्यांना मी फेरपरीक्षेसाठी घेऊन बसले.

आता ‘पूर्ण’ लिहिण्याआधी मी मागच्या बाकावरच्या एकाला फळ्याजवळ बोलावते. बहुतेक वेळा पेन पुन्हा पर्समध्ये ठेवावं लागतं.