सोबत आलेली बाई

माझी थोरली बहीण पडदे शिवायची. गल्लीत तिला मापवाली म्हणत, कारण कुणाच्याही घरी गेली की चहा येण्याआधी तिची नजर खिडकीकडे वळायची आणि टेप न लावताच ती कापड किती लागेल ते सांगायची. चुकलीच तर वीतभर जास्त सांगायची, कमी कधीच नाही. पडदा आखूड झाला तर तो गिऱ्हाइकाचा विश्वासघात, असं तिचं म्हणणं. आता तिच्याबद्दल लिहायला बसले तर तोच शब्द माझ्या तोंडाशी येतो. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच जेवताजेवता छातीवर हात दाबून खुर्चीतून खाली घसरले. सिनेमात दाखवतात अगदी तसं. ताईने आकाशपाताळ एक केलं. चप्पल न घालता रस्त्यावर धावली, ओळख ना पाळख अशा माणसाची गाडी अडवली आणि त्यांना वेळेत हॉस्पिटलात पोचवलं. स्टेंट बसला. परगावचा मुलगा आला, पुतणे आले, मीही रात्रीचा प्रवास करून गेले. सगळं घर त्यांच्या पलंगाभोवती गोळा झालं होतं.

हॉस्पिटलने पुढे व्यायामाचा वर्ग सांगितला, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. नियम असा की पेशंटबरोबर घरचं एक माणूस सोबत हवंच. ताई दुकानाचं शटर ओढून जायची. पेशंट जवळजवळ सगळे पुरुष आणि सोबत आलेल्या जवळजवळ सगळ्या बायका. भिंतीलगत एक लांब बाक होता. त्यावर या बायका मांडीवर नवऱ्याचा टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन ओळीने बसायच्या आणि समोर त्यांचे नवरे मशीनच्या पट्ट्यावर चालायचे. कुठे न पोचता इतकं चालणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतेय, असं ताई म्हणायची. बसल्याबसल्या ती पडद्यांच्या कडा हाताने शिवायची. घरी तिने मीठ कमी केलं, तळण बंद केलं, आणि तेच स्वतःही खाल्लं. दाजींना तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं.

दाजी ठणठणीत झाले आणि हार्टचे तज्ज्ञही झाले. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना प्रोफेसर म्हणायचो. कुणी जिन्यात जरा दम खायला थांबलं की प्रोफेसरांचं व्याख्यान सुरू. पुढेपुढे हॉस्पिटलवालेच त्यांना नव्या पेशंटांसमोर बोलायला बोलवू लागले. त्यासाठी ताईने त्यांचा निळा शर्ट वेगळा ठेवला होता.

ताई सत्तरीकडे झुकली तशी दमायला लागली. पडदे टांगायला शिडीवर चढली की मध्येच थांबायची. जबडा दुखायचा, खांद्यांच्या मधोमध पाठ भरून यायची. जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरने एक दाढ काढली. दाढ चांगली होती, हे नंतर कळलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पाठीसाठी शिलाई मशीनपुढची खुर्ची बदलली. नेहमीच्या डॉक्टरांनी वय, काळजी आणि पित्त अशी तीन कारणं सांगून गोळी बदलून दिली. शेवटी तिने दाजींना विचारलं, अहो, हे हार्टचं तर नसेल?

"हार्टचं दुखणं मला विचार," दाजी म्हणाले आणि छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "ते इथे दुखतं. जबड्यात नाही दुखत."

तिने ते मानलं. जो माणूस त्यातून जाऊन आलाय त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? शिवाय वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता तिने बाकावर बसून पाठ केला होता. त्यावर एका पुरुषाचं चित्र होतं, छाती आणि डावा हात लाल रंगवलेला. जबडा कोरा होता.

मग तो शुक्रवार आला. दाजींचं भाषण होतं. सकाळपासून ताईला मळमळत होतं, घाम येत होता. ती म्हणाली, आज तिथे जातोच आहोत तर माझा ईसीजी काढून घेऊ या का? भाषण झाल्यावर बघू, असं दाजी म्हणाले. निळा शर्ट तिनेच इस्त्री करून दिला. हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये ती कडेच्या खुर्चीवर बसली, मांडीवर सवयीने त्यांची बाटली. दाजींनी माईक हातात घेतला. विषय होता, पहिला तास किती मोलाचा. अंगावर काढू नका, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, असं ते कळकळीने सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताईने हात वर केला. त्यांनी तळहात खाली करून तिला बसून राहायची खूण केली. थोड्या वेळाने तिला उलटी झाली आणि एक नर्स धावत आली. तेव्हा दाजी माईकवरूनच म्हणाले, "काळजी नको, त्यांना पित्ताचा त्रास आहे." लोक हसले. नर्सने पित्ताची गोळी दिली. नवराच सांगतोय, आणि तोही हार्टवाला, म्हटल्यावर तिने आणखी काय विचारायचं? भाषणानंतर लोकांनी दाजींना गराडा घातला आणि ईसीजीचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या नव्या घराचे पडदे न्यायला पोचले. ताई मशीनपुढे बसली होती, तोंड राखेसारखं, आणि मला म्हणाली की एकच कड राहिली आहे, बस जरा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवू, उगाच मोठ्या हॉस्पिटलात कशाला, असं दाजी म्हणत राहिले. मी रिक्षा बोलावली. पडदे मशीनवरच राहिले.

तपासण्या झाल्यावर एक तरुण डॉक्टर आला. हार्ट अटॅक कालच येऊन गेलाय, स्नायूचा बराच भाग मेलाय, तो आता परत यायचा नाही, असं त्याने सांगितलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"उशीर झाला, काकू," तो म्हणाला. "बायकांचं दुखणं वेगळं असतं, त्यामुळे त्या नेहमी उशिरा येतात."

"मी काल इथेच होते," ताई म्हणाली. "खालच्या हॉलमध्ये."

बाहेर दाजी रडत होते, मला कसं कळणार, मला कसं कळणार. कुणी त्यांना पाणी आणून दिलं, कुणी खुर्ची दिली, नर्सने त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. त्यांच्या हार्टवर ताण येईल ही काळजी सगळ्यांना होती.

ताई घरी आली ती अर्ध्या हृदयावर. डॉक्टरांनी तिलाही तोच वर्ग सांगितला, तोच मंगळवार-शुक्रवार, तोच नियम. व्यायाम केलात तर ताकद कमावाल, नाही तर हळूहळू उतरत जाल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणजे सगळं त्या वर्गावर होतं. ती घरातल्या घरात हिंडायला लागेपर्यंत मी राहिले. निघताना दाजींना हात जोडून सांगितलं की तिच्याबरोबर जा. ते म्हणाले, तिला तर सगळं पाठ आहे, तरी जाईन.

फोनवर मी दर वेळी विचारायचे, दाजी येतात ना गं?

"येतात," ती म्हणायची. "बाकावर बसून पेंगतात. परवा तर घोरले."

मी हसायचे. मला चित्र डोळ्यांसमोर दिसायचं आणि बरं वाटायचं. वर्ष संपायच्या आत एका दुपारी ती जरा पडते म्हणून आडवी झाली आणि उठली नाही.

भेटायला येणाऱ्यांत वर्गात व्यायाम घेणारी बाईही आली. दाजी समोरच बसले होते. बोलताबोलता ती म्हणाली, "त्या दोनदाच आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मीच विचारलं, साहेब मागून येताहेत का? तर म्हणाल्या, नाही, आज पेशंट मी आहे. पण सोबत कुणी नाही म्हटल्यावर मला त्यांना मशीनवर घेता येईना. दोन्ही वेळा तास संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि गेल्या."

मी दाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, त्या वर्गात गेलं की मला माझे ते दिवस आठवतात, त्रास होतो, तिनेच सांगितलं की राहू द्या. खरंही असेल ते. ताईने सांगितलंच असेल. पण माझ्याशी ती खोटं बोलली, ते घोरणं तिने माझ्यासाठी शिवून तयार केलं, वीतभर जास्तीच्या कापडासकट, आणि ताकास तूर लागू दिली नाही. या माणसाची अब्रू झाकायला तिने मलाही फसवलं. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. त्यांना तर नाहीच.

पुढच्या महिन्यात दाजींचा फोन आला. तपासणीत थोडी तक्रार निघाली होती, वर्ग पुन्हा सुरू करायला सांगितला होता. तू येऊन राहशील का थोडे दिवस, असं त्यांनी विचारलं. तिथे सोबत लागते.

मी म्हटलं, तुम्ही एकटेच जा, तासभर बाकावर बसा आणि परत या.

"असं बोलू नकोस," दाजी म्हणाले. "मला हार्टचा त्रास आहे."

"तिलाही होता," मी म्हटलं आणि फोन ठेवला.