तिसरं पाखरू

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, सव्वीस वर्षं शहराचा झेंडा शिवत आल्या. निळं कापड, खाली पांढरी होडी आणि होडीपुढे उडणारी दोन पांढरी पाखरं. नगरपालिकेच्या गच्चीवर तो फडकतो. पुलावरून जाताना वन्संची मान वर. "टाके धरलेत अजून," म्हणतात आणि मग पुढे चालतात. एकदा अशाच दिव्याच्या खांबाला धडकल्या, तर खांबालाच बोलल्या.

नगरपालिकेला शंभर वर्षं होणार, तेव्हा एक पत्र आलं. यापुढे झेंडे बाहेरून छापून घेण्यात येतील, आपल्या सेवेबद्दल आभार. वन्संनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, आणि त्या दिवशी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, बाईंना फार लागलंय.

चार दिवसांनी नगरपालिकेचे एक साहेब घरी आले. शंभर वर्षांची पुस्तिका त्यांनीच लिहिलेली. तीत झेंड्याचा अर्थ दिला होता. होडी म्हणजे कष्ट, पुढचं पाखरू म्हणजे प्रगती, मागचं म्हणजे परंपरा. परंपरेची शेपटी जरा तिरकी आहे, कारण ती शिवली त्या दिवशी वन्संची दाढ ठणकत होती. पण ते पुस्तिकेत नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी एक पिवळा पडलेला फोटो काढला.

"बाई, हा जुना झेंडा. यात पक्षी तीन आहेत हो! मूळ चित्र वाळवीनं खाल्लं. तिसरा कुठे गेला, काही कल्पना?"

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि खुर्चीकडे पाहिलं. साहेब तिसऱ्या पाखरावरच बसले होते.

त्याचं असं झालं होतं. झेंड्याची खांबापासून लांबची कड वाऱ्यानं विरते. दोरे सुटले की वन्सं चार बोटं कापड कापायच्या आणि पुन्हा दुमड घालायच्या. असं करता करता एका वर्षी कात्री तिसऱ्या पाखराच्या चोचीला भिडली, पुढच्या वर्षी मुंडकंच गेलं. बिनमुंडक्याचं पाखरू शहरावर फडकवणं वन्संच्या मनाला पटेना, म्हणून उरलेलं त्यांनी उसवून काढलं. मग नवा झेंडा बेतताना तोच जुना खाली अंथरला आणि खडूनं आखला. तेव्हापासून पाखरं दोनच. कुणी हूं की चूं केलं नाही. उसवलेलं पाखरू आमच्या खुर्चीच्या उशीला ठिगळ म्हणून बसलं.

मी मनात देवाला हात जोडले. गप्प राहिलं तर देव रागावत नाही, खोटं बोललं तर रागावतो, एवढं मला ठाऊक आहे.

"जरा उठता का?" वन्सं म्हणाल्या. साहेब उठले. वन्संनी उशी त्यांच्या हातात दिली. "हे घ्या तिसरं."

"आणि... मुंडकं?"

"वाऱ्यानं नेलं. बाकीचं मी काढलं. चूक माझीच. आता छापणाऱ्यांना तीन करायला सांगा."

साहेब उशी पोटाशी धरून मटकन खाली बसले. "अहो, पुस्तिका पाच हजार छापून झाल्या! परंपरा, प्रगती. तिसऱ्याचा अर्थ आता कुठून आणू?"

"काटकसर," मी म्हणाले. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं बशा पुसायला लागले.

"हे बाहेर जायला नको, बाई," साहेब हळूच म्हणाले.

"विचारलं कुणी, तर माझ्यानं खोटं बोलवायचं नाही. आणि आता काम ना धाम. पुलाच्या कठड्याशी बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. झेंडा शिवत असले की निदान तोंडात टाचण्या असतात."

साहेबांना हे कळायला चहाचे दोन घोट लागले. तिसऱ्या दिवशी निळं कापड घरी पोचलं.

समारंभाला झेंडा वर चढला. पाखरं दोनच. साहेबांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी लांबूनच वन्संना नमस्कार केला. वन्सं मात्र झेंड्याच्या कडेकडे बघत होत्या. आमच्या उशीवर आता पांढऱ्याऐवजी निळं ठिगळ होतं, त्यामुळे मला संशय होताच.

"वन्सं, पाखरू कुठंय?"

"कडेच्या दुमडीत. यंदा वीतभर घेतलीय. नवं मुंडकंही लावलंय हो त्याला."

"अगं बाई! आणि कड विरली की?"

"येईल बाहेर. आपल्या पायांनी."

"कधी?"

"वारा चांगला असला तर दोन वर्षांत. साहेब निवृत्त व्हायला तीन आहेत."

मी हात जोडले. देवा, मी काही मागत नाही. वाऱ्याचं तुझं तू बघ.