पिळून टाकलेला चीक

आमच्या वडनेरला आनंदाबाई नावाची सुईण होती. तिच्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली होती. बाळ झालं की आईच्या अंगावरचा पिवळा चीक ती पिळून टाकायची. पहिलं दूध बाळाला बाधतं असं सगळेच मानायचे, मग तीन दिवस गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्याच्या तोंडात. कापसाला आमच्याकडे काय तोटा.

माझी जाऊ नलू हिचा पहिला मुलगा असाच बोळ्यावर ठेवला. चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली, सातव्या दिवशी तो गेला. नलूच्या नशिबाला बोल लावून सगळे मोकळे झाले. मीही त्यात होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, सेवाग्रामला दवाखान्यात सुईणींना शिकवणार होते. साठीला टेकलेली आनंदाबाई तोंड वाकडं करूनच गेली. पंधरा दिवसांनी परतली.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला नलू दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. आनंदाबाईनं नाळ कापली, पोर पुसली आणि तशीच नलूच्या छातीशी न्यायला लागली. आमच्या सासूबाई रुख्माबाई गुळाच्या पाण्याची वाटी घेऊन बाजूलाच होत्या. त्यांनी पोर मधेच उचलून घेतली.

"याड लागलं का तुमाले? तीन दिस तरी जाऊ द्या."

"गायीचा चीक वासराले पाजता ना? उरला त खरवस करून खाता," आनंदाबाई म्हणाली. "मंग बाईचाच काऊन फेकायचा?"

"मागच्या खेपेले तुमीच फेकलता. तवा चांगलं होतं, अन् आता वाईट झालं?"

आनंदाबाई सेवाग्रामला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव पुढे करू शकली असती. तिनं ते केलं नाही.

"हाव, मीच फेकलता," ती म्हणाली. "चुकलं माहं. ते लेकरू नलूच्या नशिबानं नाई गेलं, रुख्माबाई. त्याच्या तोंडचं दूध मी मातीत टाकलं, अन् बोळ्याचं पाणी तुमी पाजलं. आता हे पोरगी दूध पेल्याबिगर मी इथून हालत नाई."

सासूबाईंना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता भांडण पेटणार असं मला वाटलं, पण बोलली ती नलू.

"माह्या नशिबानं नाई ना गेलं?" तिनं आनंदाबाईला विचारलं. वर्षभर ही बाई मान खाली घालून घरात वावरली होती. मग तिनं सासूपुढे दोन्ही हात केले. "द्या माही पोरगी इकडं."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली आणि पोर दिली. नुसत्या अंगावरच्या दुधावर ती सहा महिन्यांत अशी भरली, की कडेवर घेऊन माझी कंबर दुखायची.

त्यानंतर दहा वर्षं आनंदाबाई प्रत्येक बाळंतिणीच्या सासूला आधी नलूच्या पहिल्या लेकराची गोष्ट सांगायची, आणि ते आपल्या हातानं गेलं हे स्वतःचं नाव घेऊन सांगायची. काही घरांनी तिला बोलावणं बंद केलं. तिथं ती न बोलावता जायची आणि अंगणात उभी राहून सांगायची.