निळ्या पोटाची गाडी

माझं वय बावन्न आहे आणि मी रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरतो. हे वाक्य कोथरूडमध्ये कुणाला तरी मोठ्याने सांगून बघा. समोरचा आधी विचारतो, "नातवाची गाडी का?" आणि नाही म्हटलं की पावसापाण्याचं बोलायला लागतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, "अहो, आपण इंजिनिअर ना?" उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

हिंजवडीच्या पलीकडे एका गावकऱ्याने आपल्या मोकळ्या जागेत मातीचा ट्रॅक करून दिलाय. वळणं, उंचवटे, एक भलामोठा उडीचा टप्पा. आम्ही दहाजण मचाणावर ओळीने उभे राहतो आणि खाली आमच्या हातभर लांबीच्या गाड्या धूळ उडवत पळतात. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकला लाखोली वाहणारा मी, रविवारी सकाळी त्याच रस्त्याने शीळ घालत जातो. आहे हे असं आहे.

आता या खेळातलं खरं दुखणं सांगतो. गाडीचा सांगाडा म्हणजे चासी, आणि ती बनवणारी कंपनी दरवर्षी नवीन चासी काढते. आधी काळ्या कापडाखाली झाकलेला फोटो. मग आठवडाभराने कापडाचा एक कोपरा वर. मग एक गंभीर चेहऱ्याचा माणूस व्हिडिओत येऊन सांगतो की बॅटरी दोन मिलिमीटर पुढे सरकवली आहे. दोन मिलिमीटर! आणि मी ऑफिसच्या मिटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ते दोन मिलिमीटर तीनतीनदा बघतो. मला तिथल्या तिथे पटतं की आपण इतकी वर्षं हरलो ते याच दोन मिलिमीटरमुळे.

आमच्या हिला हे पटत नाही. ही चित्रकलेचे क्लास घेते, आणि माझ्या गाडीची बॉडी तीच रंगवते. बॉडी म्हणजे वरचं पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच. ते आतल्या बाजूने रंगवायचं असतं, म्हणजे गाडी कितीही लोळली तरी रंग खरवडत नाही. नाजूक काम आहे, आणि ही ते फार सुरेख करते. ट्रॅकवर माझ्या गाडीचं कौतुक होतं ते बॉडीचंच.

गेल्या वर्षी मी फायनलमध्ये नववा आलो. दहावा जो होता त्याची बॅटरी संपली होती. जेवताना मी म्हणालो, "चासीतच दोष आहे." हिने ताटात आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "गाडी चार वेळा बदलून झाली. एकदा ड्रायव्हर बदलून बघू या का?"

मला अशी तिडीक आली. मी ताटावरून उठलो आणि फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर, दूधवाल्याच्या नंबरखाली, माझ्याच हस्ताक्षरात लिहिलं : जो घरात नवीन चासी आणेल, त्याने वर्षभर रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यावा. हिने चष्मा लावून ते वाचलं. म्हणाली, "पुसू नका हं."

तीन महिने मी शहाण्यासारखा वागलो. मग कापडाचा कोपरा वर झाला.

नवीन चासी मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवली. ही क्लासला गेली त्या दुपारी घरून काम करत असल्याचं दाखवून सगळे भाग जोडले, जुनी चासी माळ्यावर सुटकेसमध्ये टाकली आणि नवीन चासीवर जुनीच बॉडी चढवायला घेतली. कल्पना सोपी होती. वरून बघणाऱ्याला गाडी तीच दिसणार. पण बॉडी ज्या खुंट्यांवर बसते, त्यातल्या पुढच्या दोन खुंट्या कंपनीने बोटभर मागे नेल्या होत्या. म्हणजे हिच्या सुंदर रंगावर मला दोन नवीन भोकं पाडावी लागली. जुनी दोन उघडी पडली, त्यांच्यावर मी दोन स्टिकर चिकटवले. जरा वाकडे लागले. पण लांबून बघितलं तर अगदी झकास.

शर्यतीच्या रविवारी ही थर्मास आणि पुस्तक घेऊन सोबत आली. मी निर्धास्त होतो. फायनल सुरू झाली आणि काय सांगू, गाडी अशी पळत होती की मलाच तिची ओळख पटेना. सहावा, पाचवा, चौथा. शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या आणि मी तिसरा होतो. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या दोन्ही अंगठ्यांना घाम फुटला होता.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. गाडी उलटली की ती आपली आपण सरळ होत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर एक माणूस उभा असतो. त्याने पळत जायचं, गाडी उचलायची आणि सरळ ठेवायची. आधीच्या शर्यतीत धावलेल्यांनी हे काम करायचं असतं. त्या दिवशी उडीच्या टप्प्यापाशी उभ्या असणाऱ्याची पाठ धरली होती. जागामालक भोंग्यावरून ओरडला होता, "उडीपाशी मानूस न्हाई. कुणी येतंय का?" कुणीतरी गेलं, एवढं मला मचाणावरून दिसलं होतं. भगवं जाकीट घातलेलं कुणीतरी.

शेवटून चौथ्या फेरीत मी उडी जरा जास्तच हौसेने मारली. गाडी हवेत आडवी झाली आणि आपटली ती चाकं वर करून. भगवं जाकीट पळत आलं, वाकलं. तेव्हा मला हिची वेणी दिसली.

मी वरून गाडी कशी दिसेल याचा पंधरा दिवस विचार केला होता. गाडी उलटते, हे माझ्यासारख्या दर रविवारी उलटणाऱ्या माणसाला सुचू नये? जुन्या चासीचं पोट काळं होतं. नव्या चासीचं पोट लखलखीत निळं, आणि त्यावर मधोमध या वर्षीचं मॉडेल कोरलेलं. ते निळं पोट हिच्या हातात, हिच्या नाकासमोर होतं. हिने ते बघितलं. मग मान वर करून मचाणावर मला बघितलं. आणि लगेच गाडी योग्य दिशेला तोंड करून, अलगद खाली ठेवली. एक क्षणही वाया घालवला नाही. मी तिसरा आलो.

परत येताना ही ट्रॉफी मांडीवर घेऊन बसली होती. चांदणी चौकात म्हणाली, "अभिनंदन. जुनी गाडी चांगली आहे की."

माझी अवस्था काय झाली असेल बघा. हो म्हणावं तर वर्षभर चासीला दिलेल्या शिव्या फुकट, नाही म्हणावं तर रिमोट गेला. मी म्हणालो, "आहेच मुळी."

"निळी कधी झाली?"

मी सिग्नलकडे बघत राहिलो. ही म्हणाली, "स्टिकर पंधरा दिवसांपूर्वीच बघितले मी. माझ्या रंगावर भोकं पाडलीत आणि मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल."

हे मात्र मला लागलं. ती चिडली असती तर मीही चिडलो असतो. घरी आल्यावर मी रिमोट तिच्या हातात दिला आणि सॉरी म्हणालो, मनापासून.

तिची पहिली अट होती की गाडीला मी हात लावायचा नाही. गाडी तीच उघडायची, तीच धुवायची. मी उडीच्या टप्प्यापाशी भगवं जाकीट घालून उभा. आणि सांगायला जीभ जड होते, पण तीन महिन्यांत ती पाचवी येऊ लागली, तीसुद्धा फारशी न उलटता. पाचवीच्या वर मात्र जाईना. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "वळणावर मागची बाजू सुटते हो. चासीतच काहीतरी आहे." मी बिस्किट बुडवून खाल्लं.

गेल्या रविवारी ती दुसरी होती. माझ्या समोर येऊन गाडी उलटली. मी पळत गेलो, वाकलो.

पोट लाल होतं.

मी गाडी सरळ ठेवली, योग्य दिशेला, अलगद. बॉडी हुबेहूब जुनीच वाटत होती, पण तिने नवीन रंगवली होती. माझे दोन वाकडे स्टिकरसुद्धा तिने रंगात काढले होते, तितकेच वाकडे. मचाणाकडे बघितलं तर ही आभाळाकडे बघत होती.

चांदणी चौक आला, गेला. मीही म्हटलं, सांगेल. ती ट्रॉफी पुसत राहिली. घरी शिरल्या शिरल्या मी चपला न काढता स्वयंपाकघरात गेलो. नियम माझ्याच हस्ताक्षरात होता, रिमोट आता माझा होता.

फळा स्वच्छ पुसलेला होता. दूधवाल्याचा नंबर तेवढा ठेवला होता.