तेल पाजलेल्या तारा

पुंजारामचं घर मूर्तिजापुरात, आणि गावापासून दीड कोसावर त्याचा मळा. शेवंती, झेंडू, वांगी, मेथी, जे हंगामात येईल ते. शाळा चौथीपर्यंतच झालेली, बाकीचं सगळं शिक्षण बैलांच्या मागं. म्हणून दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधी त्यानं अमरावतीच्या लिलावात ती जुनी छोटी लारी घेतली, तेव्हा लोकांनी फार मजा पाहिली. वळण आलं की हा गडी आधी जिभेनं टकटक करायचा, मग चाक फिरवायचा. चढावर दाराबाहेर हात काढून पत्र्यावर थाप मारायचा, "चाल राजा, चाल." एकदा बडनेऱ्याच्या फाटकाजवळ लारी मागं घसरू लागली, तर ब्रेक दाबायचं सोडून यानं चक्क "हॉ, हॉ" केलं. मागच्या गाडीवाल्यानं चाकाखाली धोंडा सरकवला म्हणून निभावलं. त्याची बायको पार्बताबाई म्हणे, "एखांद्या दिवशी हा मानूस इंजिनापुढं कडबा टाकीन."

बैलगाडीवाल्याचा एक नेम असतो. कासरा असो की जोतं, त्याला जवसाचं तेल पाजायचं. तेल प्यालेला दोर उन्हापावसाला दाद देत नाही. लढाईच्या चौथ्या वर्षी लारीच्या तारांवरचं कापडी वेष्टण कुजून गळायला लागलं, आणि बाजारात नवी वायर मिळेना, रबरी पट्टीही मिळेना. पार्बताबाईनं आपलं जुनं लुगडं फाडून लांब पट्ट्या काढून दिल्या. पुंजारामनं त्या जवसाच्या तेलात भिजवल्या आणि उघड्या तारांवर एक एक करून घट्ट गुंडाळल्या. लुगडं हिरवं होतं. तारांचा तो जुडगा असा तुळतुळीत दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो झाकण उघडून दाखवायचा.

लारी उभी राहायची सरकीच्या कोठ्यात. कोठ्यात उंदीर. पण ते तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या वर्षी कार्तिकात त्यांची एकुलती एक लेक जमुना बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, अमरावतीच्या दवाखान्यात न्या. सकाळची आगगाडी निघून गेलेली, पुढची संध्याकाळी. पुंजारामनं लारीत गवताची गादी केली आणि निघाला. बडनेरा दोन कोसांवर आलं असेल, तेव्हा इंजिन फडफडलं आणि बंद पडलं. बोनेटमधून जळक्या चिंधीचा वास आला. त्यानं हात जोडले, फटके मारले, हँडल फिरवून फिरवून तळहात सोलले. शेवटी एका वाटसरूच्या बैलगाडीत लेकीला घातलं. बडनेऱ्याची घरं दिसायच्या आत ती गेली, आणि पोटातलं पोरही.

आठच दिवसांपूर्वी मूर्तिजापूरच्या सूर्यभान मिस्त्रीनं लारीला दुसरी कॉइल, इंजिनाला ठिणगी देते ती, बसवली होती. पुंजारामनं तिथल्या तिथं ठरवलं, कॉइल फसवी होती. भर बाजारात त्यानं सूर्यभानची गळपट्टी धरली. "माह्या पोरीले तुनं मारलं," असं सगळ्यांसमोर म्हणाला. सूर्यभाननं तोंड उघडलं नाही. लोकांनी लारी ओढून त्याच्याच शेडमध्ये आणून टाकली होती, कारण गावात दुसरा मिस्त्री नव्हता. त्यानं वरच्या वर एक जादा तार टाकली, लारी चालू केली आणि दुसऱ्याच्या हाती मळ्यावर पोचवली.

त्यानंतर दोन वर्षं पुंजाराम लारीच्या लहानसहान कामालाही अकोल्याच्या मिस्त्रीकडं जायचा. पार्बताबाईनं सूर्यभानच्या बायकोला, लीलाबाईला, हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. विहिरीवर ती दिसली की ही घागर रिकामीच घेऊन परत यायची.

मग लढाई संपली. लष्कराच्या जुन्या मालातून रबरी वायरीची भेंडोळी बाजारात आली. पुंजारामच्या लारीचे दिवे तोवर मिचमिचायला लागले होते. अकोल्याचा मिस्त्री म्हणाला, "बाप्पा, ठिगळं किती लावता? सगळा जुडगाच बदलावा लागते. अन् ते काम आपल्याकडं एकटा सूर्यभानच करते."

पुंजाराम चार दिवस घुटमळला आणि गेला. सूर्यभाननं नुसतं म्हटलं, "लाव तिकडं सावलीत."

काम दोन दिवस चाललं. सूर्यभाननं बॅटरीला जाड तार घेतली, दिव्यांची ओळ वेगळी केली, हॉर्नची वेगळी, प्रत्येकीला आपापला फ्यूज. पुंजाराम पोत्यावर बसून पाहत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभाननं बोनेटमागची फळी काढली आणि तो जरा थांबला.

"जाय, चहा पिऊन ये."

"आताच तं पेलो."

"मंग पान खाऊन ये. माह्या डोक्यावर काहून बसून राहिला?"

पुंजाराम उठला नाही. सूर्यभाननं पाठ फिरवली, काहीतरी झटक्यानं ओढून काढलं आणि पेटत्या शेगडीत टाकायला वळला. पुंजारामनं त्याचं मनगट धरलं.

हातभर तुकडा होता. हिरवी चिंधी. एका टोकाला वीतभर जागी चिंधी नव्हतीच, उंदरांनी कुरतडून कुरतडून तांबं उघडं केलेलं. तांब्याचं टोक पत्र्याला टेकून वितळून गोळी झालेलं, आणि भोवतालच्या चिंधीला दातांच्या बारीक खुणा. चावीकडून कॉइलकडे जाणारी तार ती. पुंजारामनं तुकडा नाकाशी नेला. जवस.



"तुले तवाच दिसलं व्हतं?" पुंजारामनं विचारलं.

"हो."

"मंग काहून नाई सांगतलं? म्या तुले बजारात..."

"मले शिव्या देता देता तुले भूक तरी लागे," सूर्यभान म्हणाला. "हे माईत झालं असतं तं तू जेवला नसता गड्या." मग हळूच म्हणाला, "वयनीले सांगू नको. चिंध्या तिनं फाडल्या व्हत्या."

काम पुरं झालं. दोन्ही दिवे लख्ख लागले. पुंजारामनं लारी घरी आणली. वाटेत पत्र्यावर थाप मारली नाही, वळणावर जिभेचा आवाजही नाही.

पार्बताबाई ओसरीवर शेवंती निवडत होती. वाटभर त्यानं ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तिनं दिव्यांकडं पाहून म्हटलं, "त्या मेल्याच्या हातानं काम करून आनलं, तुमाले लाज नाई वाटली?" तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही.

"त्याची चूक नव्हती. तेल म्या पाजलं. उंदरं त्या तेलावर आले. माही चूक व्हती."

तिची बोटं थांबली. "दाखवा."

त्यानं खिशातून तुकडा काढला. तिनं तो हातात घेतला, हिरव्या किनारीवरून अंगठा फिरवला. लुगडं तिनं लगेच ओळखलं. बाईमाणूस आपलं लुगडं कधी विसरते?

"तुमी एकट्याची काहून म्हनता," ती म्हणाली.

ती रडली नाही. फुलं तशीच टाकून उठली, पदर नीट घेतला आणि सूर्यभानच्या घराकडं चालू लागली. तो मागून गेला. लीलाबाई दारात तांदूळ पाखडत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं दोन वर्षं तिलाही काही सांगितलं नव्हतं. पार्बताबाईला अंगणात पाहून ती सूप धरूनच उभी राहिली.

"बाई, तुमच्या मानसाले म्या दोन वर्सं..." पार्बताबाईनं सुरुवात केली, आणि हातातला हिरवा तुकडा पुढं केला.

लीलाबाईनं सूप खाली ठेवलं, घोंगडी झटकून अंथरली आणि म्हणाली, "आंधी बसा तं खरं."