मावशीच्या गोष्टीचा शेवट

लीलामावशी गेल्याचा फोन आला तो तिच्या शेजारच्या कमलअक्कांचा. मी जळगावात शाळेला निघायच्या गडबडीत होते. "मावशी गेली वं माय," एवढंच बोलून अक्का रडायला लागल्या. ज्यांच्या नावाने मावशी इतकी वर्षं बोटं मोडत आली, त्याच या अक्का… मावशीला जाऊन आता महिना होत आला.

मावशी सावद्याच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरही तिथंच एकटी राहिली आणि दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहू लागली. बाई दिसायला अगदी सात्त्विक, पण कथांमध्ये बंद घरं, पडक्या विहिरी आणि केळीच्या बागेतून हाका मारणारं कुणीतरी! त्यामुळे गल्लीला तिच्याबद्दल भलतं कुतूहल. एकटी बाई दिवसभर करते तरी काय? कमलअक्का यात सगळ्यांच्या पुढे. विरजण मागायला यायच्या, खिडकीशी उभ्या राहून घरभर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "आज दोन कप काऊन वं? कोन आलं होतं?" मावशीने चिडून खिडकीला पडदा लावला, तर अक्का मागच्या दाराने येऊ लागल्या.

शेवटी मावशीने त्यावर कथाच लिहिली. एक एकटी बाई आणि तिच्या घरात सतत डोकावणारी गल्ली. बाई एक दिवस सगळ्यांना खडसावते, गल्ली डोकावणं सोडते… आणि पुढे बाई घरात मरून पडते, ते कुणालाच कळत नाही. सावद्यात ही कथा वाचली थोड्यांनी, ऐकली सगळ्यांनी. मास्तरीणबाईंनी आपल्याला भोचक म्हटलं, एवढंच लक्षात राहिलं आणि येणं-जाणं बंद झालं. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालायला बायका एकमेकींकडे जातात. त्या वर्षी मावशीला कुणी हाक मारली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "शांतता हवी होती ना मला? मिळाली बघ." मग जरा वेळाने, "सुमे, खरंच कळलं नाही तर गं कुणाला?" तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. जळगावला चल म्हटलं, तर ऐकेना. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसली. दोघींचं काय बोलणं झालं देव जाणे. घरी आली आणि आल्या आल्या खिडकीचा पडदा काढून टाकला.

मावशी गेली त्या सकाळी अक्कांनी नेहमीसारखं खिडकीतून डोकावलं, तर ती खुर्चीत कलंडलेली. त्यांनी आरडाओरडा करून माणसं जमवली, दार उघडवलं. अजून श्वास चालू होता. शेवटचं पाणी तिला अक्कांनी पाजलं, मांडीवर डोकं घेऊन.

दिवसकार्य आटोपल्यावर गल्लीतल्या बायका घरात बसल्या होत्या. अक्का म्हणाल्या, "ते गोष्ट वाच वं. मले कुठं वाचता येते." मी अंक काढून वाचू लागले. विरजण मागणारी बाई आली तेव्हा सगळ्या हसल्या, अक्का सगळ्यांत जास्त. शेवट जवळ आला. बाई आत मरून पडलीय, बाहेर गल्ली आपल्या कामात आहे, कुणाला काही पत्ता नाही…

"थांब," अक्का एकदम म्हणाल्या. चांगल्याच रागावल्या होत्या. "खोटं लिहेल आहे हे. अशी पडू देली असती का आम्ही तिले?"